मोठं नोझल लावलं की कटिंग चांगलं होतं?

नवा गॅस कटर घेणाऱ्याला वर्कशॉपमध्ये हमखास मिळणारा सल्ला: जड टॉर्च घे, मोठं नोझल (टॉर्चच्या टोकाची तोटी) लाव, ज्योत मोठी की काम फत्ते. हे चूक आहे. लोखंड ज्योतीने कापलं जातच नाही. ज्योत फक्त कड लालबुंद करते, साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास लागतात. लिव्हर दाबला की मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजन सुटतो, त्यात तापलेलं लोखंड अक्षरशः जळतं आणि स्लॅग (जळालेल्या लोखंडाचा मळ) होऊन खाली उडतं. स्टेनलेस स्टील असं जळत नाही, म्हणूनच ते या टॉर्चने नीट कापलं जात नाही, ज्योत कितीही वाढवा.

तेव्हा नोझल जाडी पाहून घ्या. ६ मिमीच्या प्लेटला १/३२ इंची छिद्र पुरतं. त्यावर मोठं लावलं तर कड वितळून गोल होते, ऑक्सिजन फुकट जातो. ज्योतीसाठी ॲसिटिलीन वायू वापरणारं नोझल एलपीजीवर वापरू नका.

विक्रेत्याला टॉर्च पेटवून दाखवायला सांगा. लिव्हर दाबल्यावर ऑक्सिजनची धार ज्योतीच्या मधोमध सरळ, बारीक रेघेसारखी दिसायला हवी. फाटत असेल तर टॉर्च परत ठेवा. वाचलेले पैसे ऑक्सिजन आणि इंधन-वायू अशा दोन्ही नळ्यांच्या फ्लॅशबॅक अरेस्टरवर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारा भाग) खर्च करा. आणि ऑक्सिजनच्या जोडांना तेल-ग्रीस कधीही लावू नका.