उबंटू, मिंट की डेबियन? लॅपटॉप आमच्याकडे देण्यापूर्वी वाचा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून काउंटरवर एकच प्रश्न: "लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, लिनक्स टाकायचंय, पण कुठलं?"

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी बसवायची सिस्टीम; उबंटू, मिंट, डेबियन हे तिचे प्रकार. ब्राउझर, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), व्हिडिओ, प्रिंटर एवढंच काम असेल तर तिन्ही चालतात. उबंटू डेबियनवरून तयार होतं आणि मिंट उबंटूवरून. विंडोजची सवय असलेल्यांना आम्ही मिंट देतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे घरच्यांना शिकवत बसावं लागत नाही. रॅम ४ जीबी असेल तर मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती. कॉलेजात उबंटू शिकवत असतील तर मुलांनी उबंटूच घ्यावं. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं हात लावायचा नाही, असं ज्यांना हवंय त्यांच्यासाठी डेबियन. (टॅली किंवा श्रीलिपीवर धंदा असेल तर आधी बोला. त्यासाठी विंडोज ठेवावंच लागेल.)

आता परत येणाऱ्या मशीनचा घोळ. नेटवर 'उबंटूसाठी' म्हणून दिलेली कमांड लोक डेबियनवर चालवतात. पॅकेजची (सॉफ्टवेअर बसवायची) फाइल तिन्हीकडे 'डेब' प्रकारचीच, म्हणून चालेल असं वाटतं. पण उबंटू २४.०४ वर तयार केलेलं पॅकेज पुष्कळदा जीलिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) २.३८ किंवा पुढची मागतं, आणि डेबियन १२ मध्ये ती २.३६ आहे. इथवर नुसता एरर येतो, बिघडत काही नाही. बिघडतं ते त्यावर उपाय म्हणून उबंटूचा रेपो (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तो साठा) डेबियनच्या यादीत टाकल्यावर. पुढच्या अपग्रेडला काही भाग इकडचे, काही तिकडचे होतात आणि 'हे काढावं लागेल' अशी लांबलचक यादी समोर येते. अख्खा डेस्कटॉप त्या यादीत असू शकतो. ती न वाचता 'वाय' (होय) दाबलं की मशीन थेट आमच्याकडे.

मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे, म्हणून 'नोबल'साठीचे (२४.०४ चं टोपणनाव) पीपीए, म्हणजे उबंटूसाठीचे जादा रेपो, त्यावर सहसा चालतात. 'जॅमी'साठीचे टाकू नका, ते २२.०४ चे.

एखादं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचंच हवं असेल तर फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारं पॅकेज) घ्या. ते सिस्टीमच्या लायब्ररींना हात लावत नाही. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते असतंच, उबंटू आणि डेबियनवर आम्ही चालू करून देतो.

"लिनक्स फुकट, मग पैसे कसले?" डेटाचा बॅकअप, वायफायचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड, प्रिंटर आणि नंतर फोनवर दिलेली उत्तरं, याचे. रेपोंची सरमिसळ झालेलं मशीन आम्ही निस्तरत बसत नाही, सरळ नव्याने बसवतो, आणि ते वॉरंटीत धरत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण निस्तरण्यात दिवस जातो आणि नंतरही भरवसा नसतो. आमच्याकडून बसवलेल्या मशीनमध्ये तुमच्या फाइल वेगळ्या पार्टिशनवर असतात आणि टाइमशिफ्टचा (सिस्टीम आधीच्या स्थितीत नेणारं साधन) पहिला स्नॅपशॉट काढलेला असतो. फाइल वेगळ्या पार्टिशनवर असल्याने पुन्हा बसवतानाही फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात.

येताना चार्जर आणा, आणि कुठल्या कमांड चालवल्या ते सांगा. रागावत नाही, शोधाशोध वाचते.