करडा धोबी

करडा धोबी (शास्त्रीय नाव मोटासिला सिनेरिया) हा मोटासिलिडी कुळातला, कीटकांवर जगणारा स्थलांतरित पक्षी आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो हिवाळी पाहुणा असतो. मार्माड्यूक टन्स्टॉल यांनी 1771 मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले. घाटावर कपडे आपटावेत तशी शेपटी सतत वर-खाली होते, म्हणून या पक्ष्यांना धोबी किंवा परीट म्हणतात. रानधोबी मात्र शेपटी डावी-उजवीकडे झुलवतो.

लांबी 17 ते 20 सेंमी. त्यातली निम्मी शेपटीच वाटावी. वजन जेमतेम 14 ते 22 ग्रॅम. पाठ राखाडी, भुवई पांढरी, शेपटीखालचा भाग पिवळाधमक. या पिवळ्या रंगामुळे पुष्कळजण त्याला पिवळा धोबी समजतात. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट, शेपटी आखूड आणि पाय काळे असतात. करड्याचे पाय फिकट तपकिरी. पण खरी ओळख जागेवरून पटते. पिवळे धोबी थव्याने कुरणात, गुरांच्या पायांशी फिरतात. करडा एकटाच, वाहत्या पाण्याकाठी.

गणपती-गौरींच्या सुमारास सह्याद्रीचे ओढे अजून भरून वाहत असतात, तेव्हाच तो येऊन पोहोचतो. हिवाळी पाहुण्यांत तो अगदी पहिल्यांपैकी. आल्यावर ओढ्याचा एक तुकडा आपला म्हणून धरतो आणि दुसरा धोबी शिरला की ‘चिट्-चिट्’ असा धारदार आवाज करत त्याला हुसकावतो. ओल्या दगडांवरून तुरुतुरु धावत माश्या, डास, भुंगेरे, चतुरांच्या अळ्या आणि बारीक गोगलगायी टिपतो. पाण्यावर घोटाळणारा किडा उसळी मारून हवेतच पकडतो. उडताना लाटेसारखा वर-खाली होत जातो. सतत हलणाऱ्या शेपटीचे कारण काय? पांढऱ्या धोब्यांच्या अभ्यासातून पुढे आलेले एक मत असे, की ‘मी सावध आहे’ हा तो शिकाऱ्याला दिलेला इशारा असतो. शेपटी तो कोणी जवळ नसतानाही हलवतो, हे मात्र ओढ्याकाठी थोडा वेळ बसले तरी दिसते.

मार्चच्या सुमारास काही नरांचा पांढुरका गळा काळा होऊ लागतो. ही परतीची चाहूल. एप्रिलपर्यंत बहुतेक धोबी निघून जातात. युरोपपासून पूर्व आशियापर्यंत त्यांची वीण होते, आपल्या देशात ती हिमालयात. खळाळत्या प्रवाहाकाठी दगडांच्या फटीत किंवा पुलाखाली गवत-मुळांचे, केसांचे अस्तर लावलेले घरटे असते. अंडी 4 ते 6. ती सुमारे दोन आठवड्यांत उबतात आणि तितक्याच दिवसांत पिल्ले घरटे सोडतात. नर-मादी दोघेही त्यांना भरवतात. नराचे गाणेही मुख्यतः तिकडेच ऐकू येते. इकडे त्याची हाक तेवढी ओळखीची.

जागतिक पातळीवर ही जात धोक्यात नाही. तिची भिस्त मात्र पाण्यातल्या किड्यांवर आहे. ज्या ओढ्यात सांडपाणी सोडले जाते किंवा ज्याचे काठ काँक्रीटने बांधले जातात, तिथे दगडांखालचे हे खाद्यच कमी होते.