उडान योजना (छोट्या शहरांची विमानसेवा)

उडान म्हणजे 'उडे देश का आम नागरिक', छोट्या शहरांना विमानाने जोडायची केंद्र सरकारची योजना, कागदोपत्री नाव रिजनल कनेक्टिव्हिटी स्कीम. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातून ती निघाली आणि २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली विमानाने सुरू झाली. त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं, म्हणजे मराठवाडा यात पहिल्या दिवसापासून आहे.

गणित साधं आहे. छोट्या शहरातून विमान निम्मं रिकामं उडालं तर कंपनीला परवडत नाही आणि तिकीट महाग केलं तर लोक सरळ रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतात. म्हणून ठरलं असं की विमानातल्या साधारण निम्म्या सीट (कमीत कमी ९, जास्तीत जास्त ४०) बांधलेल्या दरात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, आणि जो तोटा येईल तो सरकारने भरून द्यायचा. याला व्हायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात, बोलताना सगळे व्हीजीएफच म्हणतात. जी कंपनी कमी व्हीजीएफ मागेल तिला रूट, तीन वर्षं त्या रूटवर दुसरं कुणी येणार नाही, आणि पैसेही तीनच वर्षं. यातले ८० टक्के केंद्राकडून, २० टक्के राज्याकडून, ईशान्येकडच्या राज्यांना १० टक्केच. केंद्राचा वाटा मोठ्या रूटवरच्या विमानांना लावलेल्या लेव्हीतून, म्हणजे जादा शुल्कातून येतो, सुरुवातीला ती एका फेरीला ७५०० ते ८५०० रुपये होती, म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा माणूस थोडाफार जळगावकराच्या तिकिटाचा भार उचलतो, आणि यात मला काहीच गैर वाटत नाही, एसटीच्या तोट्यातल्या गाड्याही अशाच चालत आल्यात. शिवाय लँडिंग-पार्किंगचे चार्जेस माफ, आणि राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचं.

एप्रिल २०२५ पर्यंत ६२५ रूट सुरू झाले, ९० विमानतळ जोडले गेले (हेलिपोर्ट धरून) आणि सुमारे दीड कोटी लोकांनी प्रवास केला. आकडा मोठा आहे, पण दुसरी बाजूही बघायला हवी. कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या) २०२३ च्या अहवालात तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेले ७७४ रूट तपासलेत, त्यातले ४०३ सुरूच झाले नव्हते, जे ३७१ सुरू झाले त्यातले तीन वर्षं पूर्ण केलेले फक्त ११२, आणि मदत संपल्यावरही टिकलेले फक्त ५४. म्हणजे खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी नसते, चौथ्या वर्षी असते.

का बंद पडतात? जळगावचं बघा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं बीचक्राफ्ट मुंबईला जायला लागलं आणि थोड्याच दिवसांत अडखळलं, कारण मुंबईत स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळेना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, तिथे १८-१९ सीटच्या विमानाला सोयीची वेळ कोण देणार? आणि दुपारी मुंबईत पोचून काय उपयोग, जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचं असतं. नांदेडला वेगळंच झालं, तिथलं विमान चालवणारी ट्रूजेट कंपनीच २०२२ मध्ये बंद पडली, आणि शहराला नियमित विमान परत मिळालं ते ३१ मार्च २०२४ ला, स्टार एअरचं. हजूर साहिबसारखं देशभरातून भाविक येणारं ठिकाण असून ही अवस्था.

सोलापूरची गोष्ट सगळ्यात लांबली. २०१७ च्या पहिल्याच यादीत नाव, पण विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी. ऊस घालणारे शेतकरी म्हणायचे चिमणी गेली तर गाळप कुठे करायचं, शहरातले उद्योजक म्हणायचे विमान नाही म्हणून नवा धंदा येत नाही, दोघांचंही खरंच होतं. शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली, तरी विमान यायला जून २०२५ उजाडलं, फ्लाय ९१ चं गोव्याचं. हे एटीआर, पंख्याचं विमान, मागच्या दारातून त्याच्याच जिन्याने चढायचं, सत्तरेक सीट. मुंबईची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला आली, आणि तिला व्हीजीएफ राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून देतंय, एका वर्षापुरता.

अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान आहे. केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये योजना वाढवून १२० नवी ठिकाणं आणि दहा वर्षांत चार कोटी प्रवासी असं लक्ष्य ठेवलंय. पण माझ्या मते नव्या धावपट्ट्यांआधी स्लॉटचं बघायला पाहिजे. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय, तिथले सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट जळगाव, नांदेड, सोलापूर, अमरावतीसाठी आत्ताच राखून ठेवले नाहीत तर मोठ्या कंपन्या ते भरून टाकतील आणि मग परत मागायला गेलं तर कुणी सोडणार नाही.