पार्श्वभूमी : सीमाभागातला तोंडाचा कर्करोग, दोन पुड्या आणि दारू

तंबाखूने कर्करोग होतो हे निपाणीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हा आजार आज ज्या रूपात दिसतो, ते रूप कसं घडलं एवढंच इथे मांडायचं आहे.

तंबाखू या मुलखात पोर्तुगीजांमार्गे आली. १६०४-०५ च्या सुमारास मुघल दरबाराचा एक वकील विजापूरहून परतताना ती सोबत घेऊन गेला आणि अकबरापुढे ठेवली. म्हणजे आदिलशाहीत ती आधीच रुळली होती. पुढे निपाणीच्या आसपास बिडीची तंबाखू पिकू लागली, वखारी उभ्या राहिल्या, जर्द्याच्या धुरळ्यात बायकांची हयात गेली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर इथे तंबाखूविरुद्ध बोलायचं म्हणजे कुणाच्या तरी भाकरीवर बोलायचं, ही भावना बरीच वर्षं राहिली.

त्या काळात व्यसनाची रीत ठरलेली होती. गडी चंचीतून तंबाखू-चुना काढून तळहातावर मळायचा आणि बार भरायचा. बाई तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावायची. कर्करोगही व्हायचा तो बहुधा उतारवयात. गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत, जिथे बार धरून ठेवायची सवय तिथेच.

ऐंशीच्या दशकानंतर गुटख्याची पुडी गावोगाव पोचली आणि चित्र पालटलं. मळणं नको, चंची नको, शाळेच्या खिशातही मावेल अशी वस्तू. यात तंबाखूइतकीच सुपारी महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून घ्यायला हवं. तिखटाने आग होते, घास मोठा घेता येत नाही. या आजाराचं पहिलं वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांवरून झालं. पुढे त्यातल्या काहींना कर्करोग होतो हे दिसलं, आणि २००४ साली जागतिक पातळीवर नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरली, तंबाखू नसली तरी.

आता कायद्याचा गुंता, कारण आजची टपरी त्यातून घडली आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखा बंद केला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. असा अधिकार राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला नाही, केंद्राला आहे, असं ठरलं. दरम्यान २००३ चा तंबाखू कायदा आला होता. तो विक्रीला शिस्त लावतो, विक्री थांबवत नाही. मग २०११ मध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली एक ओळीचा नियम आला : कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन असता कामा नये. गुटखा खाल्ला जातो, म्हणून तो अन्न, म्हणून बंद. व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की तंबाखू अन्न नाही, तिला वेगळा कायदा आहे. राज्यांनी मात्र या नियमावर बोट ठेवून बंदी आणली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये, कर्नाटकाने मे २०१३ च्या अखेरीस.

पण दोन्ही बंद्या सारख्या नव्हत्या. महाराष्ट्राने गुटख्यासोबत पानमसालाही बंद केला, नंतर सुगंधी सुपारी आणि सुगंधी तंबाखूही, आणि तो आदेश वर्षावर्षाने नव्याने काढला. कर्नाटकाने तंबाखू असलेल्या गुटख्या-पानमसाल्यापुरतीच बंदी ठेवली. या राज्यात सुपारीच्या बागा आहेत आणि बागायतदारांचा विरोध मोठा होता. तो विरोध समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत गालांनी मोजली, असं मला वाटतं. कंपन्यांनी साधा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. पहिली अन्न, तिच्यात तंबाखू नाही. दुसरी तंबाखू, ती अन्न नाही. दोन्ही कायदेशीर, दोन्ही माळा एकाच टपरीवर शेजारी लटकलेल्या. गिऱ्हाईक दातांनी दोन्ही फाडतो, एक दुसरीत ओततो, चिमटीत धरून हलवतो आणि गालात सोडतो. गुटखा तयार. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जोडपुड्यांचीही दखल घेऊन बंदी पाळायला सांगितलं, तरी माळा उतरल्या नाहीत. आणि निपाणीजवळचा कोगनोळीचा सीमानाका ओलांडून महाराष्ट्रात शिरलं की त्याच मालाची तस्करी होते. ‘कर्नाटकातून आणलेला गुटखा जप्त’ ही कोल्हापूर-सांगलीच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी आहे.

या सगळ्या गदारोळात दारू बाजूला राहिली. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा इथे दारूबंदी होती. मैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेल्यावर पुढे ती उठली, सरकारमान्य सराईच्या, म्हणजे स्वस्त देशी दारूच्या, पिशव्या आल्या. १ जुलै २००७ पासून सराई बंद झाली आणि तिची जागा स्वस्त व्हिस्कीच्या ९० मिलीच्या खोक्यांनी घेतली. चोर्ला घाटातून गोव्याचा माल येतो तो वेगळाच.

दारू कर्करोगकारक असल्याचं १९८८ मध्येच ठरलं होतं. पोटात गेलेल्या दारूचं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनतं, काही प्रमाणात तोंडातले जंतूही ते बनवतात. शिवाय दारूमुळे तोंडाच्या अस्तरातून तंबाखूतली विषं आत शिरणं सोपं जातं. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात भरपूर ओढणाऱ्या आणि भरपूर पिणाऱ्यांचा धोका, दोन्ही न करणाऱ्यांच्या ३५ पटींहून जास्त निघाला. दोन धोक्यांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दिवसभर गालात पुडी आणि संध्याकाळी क्वार्टर हा इथल्या कितीतरी ड्रायव्हर-हमालांचा दिनक्रम आहे, आणि तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ जितक्या सहज विचारतात तितक्या सहज ‘पिता का?’ विचारत नाहीत.

सूचनांमध्येही तोच फरक आहे. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत चित्र छापावं लागतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने महिन्याभरातच त्याला स्थगिती दिली. कर्नाटकाने आता तंबाखू विकत घेण्याचं वय २१ केलं आहे. दारूच्या बाटलीवर २०१९ पासून आरोग्याला घातक आणि पिऊन गाडी चालवू नका एवढी ओळ सक्तीची आहे. कर्करोग हा शब्द त्या ओळीत नाही.