चाळिशीनंतर पळालं की गुडघे झिजतात? थोडा खुलासा

"या वयात कसली हाफ मॅरेथॉन, वाट्या झिजतील गुडघ्याच्या" हे नाव नोंदवल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदाच लिहून टाकू. गुडघा म्हणजे गाडीचा टायर नाही हो, किलोमीटर वाढले की गोटा झाला असं नसतं. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला रक्तपुरवठाच नसतो, तिचं पोषण होतं सांध्यातल्या वंगणातून, पाऊल टेकलं की ती दबते आणि उचललं की स्पंजसारखं ते वंगण परत शोषून घेते, थोडक्यात हालचाल हेच तिचं जेवण. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले, तर गुडघ्याचा किंवा खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (म्हणजे सांध्याच्या झिजेचा आजार) हौशी रनर्समध्ये ३.५ टक्के आणि न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के निघाला. (स्पर्धांसाठी पळणाऱ्यांमध्ये मात्र १३.३, तेही लपवत नाही.)

मग लोकांचं दुखतं ते काय खोटं? नाही, पण ते बहुतेकदा घाईमुळे. दम काही आठवड्यांत वाढतो, टेंडन्सना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात, आणि आपण ५ किमी जमले की लगेच १२ ला हात घालतो. मीही तेच केलं, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटीच्या खाली अशी कळ आली की कठडा धरून उभा. दोन आठवडे अंतर निम्मं केलं, मांडीचे व्यायाम धरले, गेली. सूज असेल किंवा जुनं ऑपरेशन असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बूट.