चारही चाकं सारखी असलेला ‘काउंटी’ : फोर व्हील ड्राइव्ह वापरणाऱ्यांसाठी माहिती

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर दुरुस्तीला आला की आमच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न ठरलेला: पुढच्या चाकांनाही ओढायचंच आहे, तर ती लहान कशाला? चारही सारख्या चाकांचे ‘काउंटी’ ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये बनत होते, आणि चांगले गाजलेही.

हॅम्पशायरमधल्या फ्लीट गावी अर्नेस्ट आणि पर्सी टॅप या भावांनी 1929 मध्ये ‘काउंटी कमर्शियल कार्स’ काढली. सुरुवातीचं काम ट्रकला जादा धुरा बसवून तो सहाचाकी करण्याचं. महायुद्धानंतर ते फोर्ड कंपनीच्या फोर्डसन ट्रॅक्टरकडे वळले आणि त्यावर चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे क्रॉलर बांधू लागले. 1954 च्या ‘फोर-ड्राइव्ह’मध्ये पट्टे जाऊन चार मोठी चाकं आली, पण वळवायचा तो क्रॉलरसारखाच, एका बाजूची चाकं रोखून. स्टिअरिंगनं वळणारी पुढची चाकं 1960 नंतरच्या ‘सुपर-4’ आणि ‘सुपर-6’मध्ये मिळाली.

खरी करामत खालच्या बाजूला होती. मागच्या धुऱ्याच्या दोन्ही टोकांजवळून एकेक लांब शाफ्ट निघून आपापल्या बाजूच्या पुढच्या चाकाला जायचा. म्हणजे सगळ्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) एकच. त्याला लॉक लावलं की चारही चाकं एकदम फिरणार. एकटं चाक चिखलात जागच्या जागी फिरत बसलंय, हा प्रकारच नाही. मोठ्या चाकांमुळे वळायला मात्र जागा भरपूर लागायची. बांधाला बांध लागलेल्या रानात त्यानं जीवच काढला असता.

30 जुलै 1963 रोजी ‘सी हॉर्स’ नावाच्या काउंटीनं इंग्लिश खाडी पार केली. चाकांना आणि पुढे-मागे हवेच्या टाक्या लावल्या होत्या. बोटीसारखा पंखा नाही, नुसत्या चाकांनी पाणी मागे लोटत तो फ्रान्सहून इंग्लंडला पोचला. जाहिरातच होती, पण काय जाहिरात!

पुढच्या मॉडेलांचे आकडे वाचायला सोपे: 1124 म्हणजे 112 हॉर्सपॉवर, चार चाकं. पुढे मोठ्या कंपन्या स्वतःच लहान पुढच्या चाकांचे, स्वस्त फोर व्हील ड्राइव्ह देऊ लागल्या आणि 1983 मध्ये काउंटी दिवाळखोरीत गेली.

तुमच्या ट्रॅक्टरची रचना हीच, स्वस्तातली. मधून एक शाफ्ट पुढे जातो आणि पुढच्या धुऱ्याला वेगळं डिफरन्शियल असतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं धावतील असा गिअरचा हिशेब बसवलेला असतो. मातीत चाक थोडं घसरतं, त्यामुळे तो फरक पचतो. डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि टायरवर येतो. म्हणून रस्त्याला लागताना पुढचा ड्राइव्ह काढा. फक्त मागचे टायर नवे घालून पुढचे गुळगुळीत ठेवले तरी हिशेब बिघडतो. टायर घ्यायला येताना पुढच्या आणि मागच्या, दोन्ही टायरवरचे आकडे लिहून आणा, किंवा मोबाईलवर फोटो काढून आणा.