उन्हाळ्यात तडकलेलं टेबल

एप्रिल संपत आला होता. दुपारची जेवणं आटोपून सगळे आडवे झालो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून फटकन आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा. जाऊन बघतो तर जेवणाच्या टेबलाच्या फळीला हातभर लांब चीर, आत नख जाईल एवढी. टेबल मीच आदल्या ऑगस्टमध्ये केलेलं, सागवानाचं, खालच्या चौकटीला वीत-वीतभर अंतरावर स्क्रू पिळून. मजबूत व्हावं म्हणून! तेच नडलं.

ओळखीचे मिस्त्री आले, वाकून खालून बघितलं आणि म्हणाले, "एवढं बांधून कशाला घातलाव सर? लाकूड हाय ते. जरा ढिलं सोडायचं की."

झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी लाकडाचं पाणी पिणं थांबत नाही. लाकडातला ४० ते ४५ टक्के भाग सेल्युलोजचा, म्हणजे झाडाच्या पेशींच्या भिंती ज्या धाग्यासारख्या पदार्थाच्या असतात त्याचा, आणि कापूस म्हणजे तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सोलापुरात मागावर बसलेल्या कुणालाही विचारा: हवा कोरडी पडली की सूत तुटायला लागतं, म्हणून शेडमध्ये ओल राखावी लागते. दोन्हीकडे कारण एकच. सेल्युलोजच्या रेणूवर पाणी धरून ठेवणाऱ्या जागा असतात. हवा दमट झाली की तिथे पाणी चिकटतं, कोरडी झाली की सुटतं. हवेची आर्द्रता बराच काळ २५ टक्के राहिली तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी उरतं. ८० टक्के राहिली तर १६ च्या आसपास. आपला मे आणि आपला ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा.

आता लाकूड फुगतं कुठल्या दिशेनं? खोडातल्या पेशी म्हणजे उभ्या बारीक नळ्या, कडब्याची पेंढी बांधावी तशा. पाणी या नळ्यांच्या भिंतींत शिरतं. पेंढी जाड होते, लांब होत नाही. म्हणून फळीची लांबी वर्षभर जवळपास तेवढीच राहते आणि रुंदी मात्र हलते. सागवानात ओल १ टक्का बदलली की रुंदी ०.१ ते ०.१९ टक्के बदलते, फळी खोडातून कशी चिरली त्यावर. ९० सेंटिमीटर रुंद टेबल आणि ओलीत ७ टक्क्यांचा फरक धरला तर हिशेब येतो ६ ते १२ मिलिमीटर. ऑगस्टमध्ये फुगलेली माझी फळी उन्हाळ्यात आटायला निघाली, स्क्रूंनी आटू दिली नाही, म्हणून तडकली. सागवान या बाबतीत शहाणं लाकूड, बाकीची बरीचशी याहून जास्त हलतात. जुन्या वाड्याचं सागवान आणलं की ते हलत नाही, असं छातीठोक सांगणारे भेटतात. जुनं लाकूड वाळलेलं असतं हे खरं, पण पाऊस त्यालाही कळतो.

गाडीवानांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आटून लोखंडी धाव सैल व्हायची, मग चाक पाण्यात बुडवून ठेवायचे.

मग टेबल मजबूत करायचं तरी कसं? घरातली लाकडी फूटपट्टी घ्या. आडवी धरून दाबा, वाकते. उभ्या कडेवर धरून दाबा, ढिम्म हलत नाही. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या मात्र घनाप्रमाणे. २५ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर रुंद पट्टी आडवी न टाकता उभी बसवली तर उंची चौपट झाल्यानं ६४ पट, रुंदी पाव झाल्यानं त्याच्या पाव, म्हणजे तेच लाकूड १६ पट ताठ होतं. म्हणून फळीखालची चौकट उभ्या पट्ट्यांचीच हवी. वरची फळी दीड इंची घेऊन मिरवण्यात पैसे घालवण्यापेक्षा एक इंची घ्या आणि उरलेलं लाकूड चौकटीला लावा.

टेबल डुगडुगतं ते मात्र सांध्यात. पाय म्हणजे पहार. टेबल ओढताना पाय फरशीत अडकला की खालचा झटका वरच्या सांध्यावर सहा-सात पटीनं पोचतो. नुसते खिळे तो फार दिवस सोसत नाहीत. पायात चौकोनी खाच कोरून त्यात पट्टीच्या टोकाची जीभ (कुसू) ठोकून बसवली की लाकूड लाकडाला धरतं. पट्टीचं कापलेलं टोक पायाला नुसत्या फेव्हिकॉलनं चिकटवू नका. उघड्या नळ्या तो शोषून घेतात आणि सांधा कच्चा राहतो. फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असतील तर तिथे तोच फेव्हिकॉल लाकडापेक्षा भारी ठरतो.

दुसऱ्या वेळी मी चौकट अशी पक्की केली आणि फळी तिच्यावर जवळजवळ मोकळी सोडली. मधोमध घट्ट स्क्रू, कडेच्या पट्ट्यांत लांबट भोकं, तीही फळीच्या रुंदीच्या दिशेनं, म्हणजे स्क्रूला सरकायला वाव. पॉलिश वरून जेवढं, खालूनही तेवढंच. एकच बाजू पाणी प्यायली तर फळी पन्हाळीसारखी वाकते.

श्रावणात फळीच्या खालून, चौकटीला टेकवून, मी पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती. या मे महिन्यात टेबलाखाली उताणा पडून बॅटरीनं बघितलं. रेघ चौकटीच्या मागे गडप झाली होती, दोन्ही बाजूंना. भाकरीचं पीठ मळता मळता बायकोनं विचारलं, "परत तडकलं का?"